श्रीयंत्र वाचायला बसशील तेव्हा

तू पाठवलेली लिस्ट नीट वाचली, श्रीयंत्रात तुला पिरॅमिड दिसले, डीएनए दिसला, एनर्जी ग्रिड दिसलं, आणि इतकी शोधायची ओढ आहे तुझ्यात हे बघून खरंच बरं वाटलं. पण ती लिस्ट आत्ता बाजूला ठेव. दोन आकृत्या सारख्या दिसल्या म्हणून त्यांचा अर्थ एक होत नाही गं.

ज्यांनी हे चक्र (श्रीयंत्रालाच श्रीचक्रही म्हणतात) पूजलं त्यांच्याकडे त्याच्या जन्माची गोष्ट आहे, सुरुवात तिथून कर. योगिनीहृदय हा श्रीविद्येचा, म्हणजे देवीच्या उपासनेच्या एका परंपरेचा जुना ग्रंथ, त्यात म्हटलंय की परमशक्ती स्वतःच्या इच्छेने विश्वरूप घेते, स्वतःचंच स्फुरण बघते आणि तेव्हा चक्र उत्पन्न होतं. म्हणजे बाहेर बसून कोणी जग घडवत नाहीये, ती स्वतःकडे बघते आणि बिंदूतून सगळं पसरत जातं, आधी एक त्रिकोण, मग 8, मग 10, परत 10, मग 14, असे एकूण 43 त्रिकोण, त्याबाहेर 8 पाकळ्या, मग 16, आणि शेवटी चार दारांचं भूपुर, म्हणजे बाहेरची चौकोनी चौकट.

आता मोठे त्रिकोण बघ, ते नऊच आहेत, बाकीचे सगळे त्यांच्या छेदातून तयार झालेत. नेहमीच्या मांडणीत खाली टोक असलेले पाच शक्तीचे, वर टोक असलेले चार शिवाचे. योगिनीहृदयात या चारांना अग्नी म्हटलंय, आणि पाच शक्ती सृष्टीकडे तर चार अग्नी लयाकडे दिलेत. एकाच आकृतीत जग उमलतंही आहे आणि मिटतंही आहे! बिंदूकडून बाहेर वाचलं तर सृष्टिक्रम, भूपुराकडून आत गेलं तर संहारक्रम, आणि नवावरण पूजा, म्हणजे या चक्राच्या नऊ थरांची पूजा, बहुतेक ठिकाणी बाहेरून आतच जाते, म्हणजे पूजा करणारा माणूस सृष्टीची अख्खी गोष्ट उलट्या वाटेने चालत उगमाशी पोचतो. मला यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. त्यामुळे अमुक त्रिकोणाचा अर्थ काय असं विचारायच्या आधी आपण कुठल्या दिशेने चाललोय ते ठरवायचं.

सौंदर्यलहरी या देवीच्या स्तोत्राच्या 11व्या श्लोकात काही प्रतींत 43 कोन (म्हणजे हेच त्रिकोण) आहेत, काहींत 44. गोंधळू नकोस, बिंदू धरला की 44 होतात.

आणि तो ओमच्या आवाजाने वाळूत आपोआप श्रीयंत्र उमटतं वाला व्हिडिओ, तो कृपया पुढे पाठवू नकोस. वाळूतली नक्षी आवाजाच्या फ्रिक्वेन्सीवर, पत्र्याच्या आकारावर आणि तो कुठे धरलाय यावर ठरते. श्रीयंत्राला असल्या आधाराची गरजच नाही.

या आठवड्यात पट्टी आणि कंपास घेऊन स्वतः काढ. तीन रेषा एकाच बिंदूत आणायच्या जागा येतील तिथे हात अडेल, एक जुळवली की दुसरी सुटेल, तिथेच थांबून बघ कुठला शक्तीचा त्रिकोण कुठल्या शिवाच्या त्रिकोणाला छेदतोय. काढून झालं की सांग, मग भावनोपनिषद वाचायला घेऊ, त्यात हेच चक्र माणसाच्या देहावर बसवलंय.