मोसंबीचा रस आदल्या रात्री काढू नका (मोगरा-मोसंबी कॉकटेल कडू झालं त्याबद्दल)

तुमची पोस्ट वाचून जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिलंय की शनिवारी रात्री चार किलो मोसंबीचा रस काढला, मोगऱ्याच्या पाकात मिसळून फ्रिजमध्ये ठेवला, रविवारी संध्याकाळी गच्चीवर जिन ओतली आणि पहिल्याच घोटाला सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. मोगरा जास्त पडला का, असं तुम्ही विचारलंय. मोगऱ्याला उगाच बोल लावू नका. कडू झाली ती मोसंबी, आणि रात्रभर ठेवली म्हणून झाली. या एका चुकीपायी माझाही बराच रस मोरीत गेलाय. आधी जिन बदलली, मग मोगरा बंद केला. खरा चोर फ्रिजमध्येच बसलेला होता.

होतं काय, तर मोसंबीच्या फोडींवरचे पापुद्रे, सालीखालचा पांढरा भाग आणि बिया यांत एक बिनचवीचा पदार्थ असतो. फळ अख्खं असतं तोवर तो गप्प असतो. पिळताना पापुद्रे फाटतात, तो आंबट रसात उतरतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन भयंकर कडू. दहा लाख भागांत सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तोच रस काही तासांनी कडवट होतो. रस नासलेला नसतो, वासही चांगला येतो, त्यामुळे संशय दुसऱ्याच गोष्टीवर जातो. फ्रिजमध्ये ठेवल्याने हे सावकाश होतं एवढंच, थांबत नाही. गरम केलं की उलट वेग वाढतो. टिकावा म्हणून रसाला एक उकळी देणारे लोक आहेत, त्यांनी तर हे मुळीच करू नये. आणि जिन घालून ठेवली म्हणजे रस सुरक्षित, हाही गैरसमज. हे जंतूंचं काम नाही, त्यामुळे दारूने अडत नाही.

पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या चाखा. मोगऱ्याचा पाक एक चमचा, साध्या गार पाण्यात. तो गवतासारखा कडसर लागला तर फुलांचे हिरवे देठ आत राहिलेत. रस पिळल्या पिळल्या कडू लागला तर साल दाबली गेली आहे किंवा बिया चिरडल्या आहेत. पिळताना गोड आणि चार-सहा तासांनी कडू, तर लिमोनिन. आणि सोड्याऐवजी टॉनिक वॉटर ओतलं असेल तर त्यात क्विनीन हा कडू पदार्थ असतोच, तो कडवटपणा मुद्दामचा. माझ्या मते मोसंबी आणि टॉनिक यांचं जमत नाही. काहींना आवडतं, त्यांनी खुशाल घ्यावं.

आता थोडा राग काढतो. वेळ वाचावा म्हणून ज्यूस सेंटरमधून कॅनमध्ये रस भरून आणायचा विचार असेल तर सोडून द्या. काही ठिकाणी मशीनमध्ये फळ सालीसकट दाबलं जातं, त्यात सालीचं तेल आणि पांढऱ्या भागाचा अर्क दोन्ही उतरतं. वर तो रस सकाळी काढलेला की आत्ता, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. एका दुकानदाराने तर ‘मोसंबीच यंदा कडू येतेय’ असं तोंडावर सांगितलं होतं. त्याच गाड्यातली मोसंबी घरी पिळली तर साखरेसारखी. नाव घेत नाही, पण एवढं शिकलो की मोसंबी आपण निवडायची, आपण पिळायची आणि पिळली की लगेच वापरायची.

निवडायचं म्हणजे काय, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. अंबड, घनसावंगी, पैठण हा सगळा पट्टा बागांचाच. उन्हाळ्याच्या तोंडी जो माल येतो तो मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलोऱ्याचा. रंगावर जाऊ नका, हिरवट फळही आतून तयार असतं. हातात घेतल्यावर वजनदार लागलं पाहिजे आणि साल पातळ, गुळगुळीत हवी. कच्च्या, लवकर तोडलेल्या फळात कडूपणाचा माल जास्त असतो, पिकेल तसा कमी होतो. म्हणून हंगामाच्या सुरुवातीचा स्वस्त ढीग कॉकटेलला घेऊ नये. किलोमागे ४०० मिलीच्या आसपास रस धरा.

पिळताना फळ आडवं अर्धं कापा, दिसतील त्या बिया सुरीच्या टोकाने काढा आणि हाताच्या पिळणीवर हलकेच दाबा. शेवटचा थेंब काढायच्या नादाला लागू नका, कडूपणा त्या शेवटच्या थेंबांतच असतो. मिक्सरमध्ये सोललेल्या फोडी फिरवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. पापुद्रे आणि बिया दोन्हींचा चोथा होतो. रस निघाला की लगेच बारीक गाळणीतून गाळा, चोथा चमच्याने दाबू नका. एवढं केलं तर तासभर निर्धास्त राहा, दोन तासही चालतील. त्यापुढची हमी मी देत नाही.

मोगऱ्याचा पाक मात्र आदल्या रात्रीच करायचा असतो, तुमचं एवढं बरोबर होतं. साखर २०० ग्रॅम, पाणी २०० मिली, साखर विरघळेपर्यंतच गरम करा आणि पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण. भांड्याला हात लावल्यावर कोमटही लागता कामा नये. मोगऱ्याचा वास उडून जाणारा आहे, उकळत्या पाकात फुलं टाकली की सगळा वास स्वयंपाकघरात आणि पाकात उकडलेल्या पाल्याची चव. हल्ली व्हिडिओंमध्ये फुलं रटरटा उकळून वर गुलाबी रंग घालतात. तो पाक दिसायला छान असतो, बस्स.

संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या २५-३० कळ्या घ्या. मोगरा तोडल्यावरही रात्री उमलतो आणि वास सोडत राहतो, सगळी गंमत त्यातच आहे. हिरवे देठ एकेक करून काढा, कंटाळा करू नका. पसरट भांड्यात पाक ओता, फुलं वर तरंगत ठेवा, झाकण लावा. सकाळी आठ-दहा तासांनी फुलं काढून टाका. पिवळी-तपकिरी पडेपर्यंत ठेवली तर कुबट वास येतो. वास कमी वाटला तर दुसऱ्या संध्याकाळी त्याच पाकात ताज्या कळ्या. जास्त वेळ भिजवण्यापेक्षा दोनदा भिजवणं केव्हाही चांगलं. फ्रिजमध्ये आठवडाभर वास टिकतो, नंतर तो नुसताच साखरेचा पाक उरतो.

फुलं कुठली, यावर मी हट्टी आहे. गजरेवाल्याची नकोत. ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, बागेत औषध फवारलेलं असतं आणि धुऊन ते जाईलच असं नाही. घरच्या कुंडीतला किंवा फवारणी होत नाही अशी खात्री असलेल्या ओळखीच्या अंगणातला मोगरा घ्या. पांढरं आणि सुवासिक दिसलं म्हणून दुसरं कुठलंही फूल टाकू नका. कण्हेर, मग ती पांढरी, गुलाबी, पिवळी कुठलीही असो, विषारी आहे. तगर, चाफा यांच्याही वाटेला जाऊ नका. मोगरा नसेल तर देशी गुलाबाच्या पाकळ्या याच पद्धतीने चालतात, किंवा खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं गुलाबपाणी एका ग्लासला अर्धा चहाचा चमचा. चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी नको. हे लिहावं लागतंय यातच काय ते समजा.

एका ग्लासचं माप: जिन ४५ मिली, मोसंबीचा रस ६० मिली, लिंबाचा रस १५ मिली, मोगऱ्याचा पाक २० मिली. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाबरोबर येतं ते प्लास्टिकचं झाकण उत्तम, त्यावर मिलीचे आकडे असतात. लिंबू वगळू नका. मोसंबीत आंबटपणा नावालाच असतो, लिंबाशिवाय ते पेय साखरपाण्यासारखं पडतं. हे सगळं बर्फासोबत घट्ट झाकणाच्या बरणीत बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा, ग्लासात नवा बर्फ घालून त्यावर गाळा आणि वरून ६० मिली गार सोडा. सोडा बरणीत घालून हलवू नका, झाकण उडेल. मिठाचं एक काम सांगतो: २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि ग्लासला तीन-चार थेंब टाका. मीठ कडूपणा दाबतं. खारट लागेल एवढं नाही हं.

उन्हाळ्यात लिंबू महाग झालं तर सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्व, ६ ग्रॅम ९४ मिली पाण्यात विरघळवा. आंबटपणा साधारण लिंबाच्या रसाएवढा येतो. वास येत नाही, म्हणून निम्मं लिंबू, निम्मं हे.

बारा माणसांसाठी आयत्या वेळी एकेक ग्लास हलवत बसणं जमणार नाही, आणि रस आधी काढून ठेवायचा मोह तिथेच होतो. मग उलटं करा. जे कडू होत नाही ते आधी मिसळून ठेवा. दर आठ ग्लासांसाठी जिन ३६० मिली, पाक १६० मिली, पिण्याचं पाणी २०० मिली आणि मिठाच्या पाण्याचे पंचवीस-तीस थेंब, एका बाटलीत घालून आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये. पाणी कशाला, असं वाटेल. बर्फासोबत हलवताना जे पाणी सुटतं त्याची ती भरपाई आहे. ते नसेल तर पेय घशाला लागतं. लिंबं दुपारी पिळा. मोसंबी पाहुणे चपला काढत असताना पिळायला घ्या, एकाने कापायची, एकाने पिळायची, दोन किलोला वीस मिनिटं पुरतात. मग ग्लासात बर्फ, बाटलीतलं ९० मिली, मोसंबी ६०, लिंबू १५, वर सोडा ६०. जे घेत नाहीत त्यांना मोसंबी १००, लिंबू १५, पाक २० आणि सोडा. रंग एकच असतो, म्हणून त्यांचे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा. ही सूचना गमतीची नाही.

बर्फाबद्दल. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, गच्चीची फरशी रात्री नऊलाही तापलेली असते. लहान चौकोनी बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो. वाटीत किंवा छोट्या डब्यात मोठे खडे जमवा आणि ग्लास पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. बोअरच्या जड पाण्याचा बर्फ वापरू नका. क्षार नुसते मचूळ लागत नाहीत, लिंबाचा आंबटपणाही मारतात, मग लोक लिंबू वाढवत बसतात. पिण्याचा जार आणा. कारखान्यातली लादी घ्यायची झाली तर निळसर रंगाची अजिबात नाही. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, तो याचसाठी. लादीचा बर्फ बाटल्या गार करायला बाहेरून लावा, ग्लासात नको.

नेहमीचं तुणतुणं वाजवून टाकतो. महाराष्ट्रात जिन, व्होडकासारख्या दारूसाठी वयाची अट २५ आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो काढून ठेवा. वरच्या मापाचा एक ग्लास साधारण ८ टक्क्यांच्या घरात जातो, म्हणजे जवळपास स्ट्राँग बिअरएवढा, पण लागतो सरबतासारखा. गोडामुळे तिसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही. गाडी चालवणाऱ्याला मोसंबी-सोडाच द्या. मी डॉक्टर नाही. औषधं चालू असतील तर ज्याने दिली त्यालाच विचारा.

आता तुमच्या फ्रिजमध्ये उरलेला कडू रस. लिमोनिन घरी काढता येत नाही, खायचा सोडा घालाल तर कडूपणा राहील आणि आंबटपणा तेवढा जाईल. साखर ओतूनही फार झाकत नाही. पातळ करणं एवढाच उपाय: एक भाग कडू रसाला तीन भाग गाळलेला टरबुजाचा रस आणि चिमूटभर मीठ. कडूपणा जिभेला कळण्याच्या खाली आला तर वाचला, नाही तर मोह सोडा. पाक आणि जिन त्यातच गेलेत, त्याला इलाज नाही.

व्होडका चालेल का, असं खाली कुणीतरी विचारलंय. चालेल. मोगरा उलट जास्त उठून येईल, पण मग पाक १५ मिलीवर आणा, नाही तर अत्तर प्यायल्यासारखं वाटतं.