युगांडातील आरोग्य शिबिराला का जायचे, या प्रश्नाचे उत्तर

सिस्टर, तुम्ही गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयात काम करता आणि युगांडातील स्वयंसेवी आरोग्य शिबिरासाठी अर्ज भरत आहात. ‘तुम्हाला का यायचे आहे’ या रकान्यात खरे काय ते लिहिले, म्हणजे जग पाहण्याची ओढ आहे आणि पुढे अनुभवाचा उपयोग होईल असे लिहिले, तर स्वार्थी ठरू का, अशी तुमची शंका आहे. आणि ‘इथे गरीब कमी आहेत का’ असे घरचे विचारतात. मी स्वतः अशा शिबिरांना गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

‘गरिबांची सेवा करायची आहे’ हे वाक्य खोटे नसते, पण ते वाचून तुम्हाला कोणत्या कामावर ठेवावे हे निवड करणाऱ्याला कळत नाही. तुमचे खरे कारण तुमच्या रोजच्या कामातच आहे. विदर्भातील परिचारिकेने सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले जवळून पाहिलेली असतात. हातापायाची बोटे सुजून रडणारे तान्हे बाळ तिच्या ओळखीचे असते; वेदनेचा झटका आलेल्या रुग्णाला पाणी, ऊब आणि वेदनाशामक औषध वेळेवर का द्यावे लागते, आणि आई हायड्रॉक्सीयुरिया हे नियमित घ्यायचे औषध मध्येच का बंद करते, हेही तिला ठाऊक असते. युगांडात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे आणि मलेरियाही आहे. गडचिरोलीत काम केलेल्या सिस्टरला दोन्हींचे एकत्र ओझे समजावून सांगावे लागत नाही. मात्र आपल्याकडे प्रामुख्याने आढळणाऱ्या अरब-भारतीय प्रकारात आजार सौम्य ठेवणाऱ्या गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक टिकून राहते, तर आफ्रिकेतील प्रकारांत आजार बहुधा अधिक उग्र असतो. त्यामुळे तिथल्या परिचारिकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ‘मला हे शिकायचे आहे’ असे लिहिण्यात कोणताही स्वार्थ नाही.

जग पाहण्याच्या इच्छेबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. हेतू बहुतेकांचे मिश्रच असतात. महत्त्वाचे हे की रुग्णासमोर उभे राहिल्यावर त्यांतला कोणता पुढे येतो. फक्त छायाचित्रांसाठी येणाऱ्यांना मात्र माझा ठाम विरोध आहे. आपल्या प्रसूतिगृहात कोणी पाहुणा कॅमेरा घेऊन शिरला तर आपण त्याला बाहेर काढू, मग तिथल्या आईला तोच मान का नसावा?

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर गेली. इथे तयार झालेले ज्ञान बाहेर नेल्याने इथले काही कमी होत नाही. १९३८ मध्ये वैद्यकीय मदतीसाठी चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आणि तेव्हा आपला देश तर पारतंत्र्यात होता.

तरीही अर्ज पाठवण्याआधी शिबिराच्या आयोजकांना नक्की विचारा की शिबिर संपल्यावर रुग्णांचा पाठपुरावा कोण करणार, स्थानिक परिचारिका तुमच्यासोबत असतील का, तिथल्या परिचारिका परिषदेची तात्पुरती नोंदणी कोण करून देईल आणि दुभाषी मिळेल का. वेदना किती आहे हे विचारताच आले नाही, तर तुमचे सिकलसेलचे सारे कौशल्य अर्धे राहील. पाठपुराव्याबद्दल स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर ते शिबिर सोडून द्या, असे मी निःसंकोच सांगेन.

उत्तर समाधानकारक असेल, तर वरिष्ठांची लेखी परवानगी लवकर मागा आणि पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. या लसीचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य धरले जाते, आणि ते जवळ नसेल तर परतताना विमानतळावर विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.