दोन चिपा, एक स्पीकर

प्रश्न: सर नमस्कार. ऑडिओ इंटरफेसला बॅलन्स्ड आउटपुट आहे म्हणून घरीच बॅलन्स्ड ॲम्प्लिफायर बनवायचाय. एलएम३८८६ च्या चार ॲम्प्लिफायर चिपा आणि २५-०-२५ चा ट्रान्सफॉर्मर आणून ठेवलाय, स्पीकर ४ ओहमचे. मित्र म्हणतो दोन-दोन चिपा ब्रिज कर, म्हणजे एकाच स्पीकरच्या दोन टोकांना दोन चिपा उलटसुलट जोड, पॉवर चौपट होते. करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर: नका करू, निदान या स्पीकरवर तरी नको. मित्राचं चौपटीचं गणित कागदावर बरोबर आहे, पण ब्रिजमध्ये प्रत्येक चिपला स्पीकरच्या निम्मेच ओहम दिसतात, म्हणजे तुमच्या केसमध्ये २. आता २५ व्होल्ट एसीचे डीसी होतात साधारण ३५, प्रत्येक चिप ३० व्होल्टपर्यंत गेली तर स्पीकरवर ६० आणि ४ ओहममधून १५ अँपिअर, आणि ही चिप खात्रीने देते फक्त ७. मग आतलं प्रोटेक्शन मध्ये पडतं आणि जोरात गाणं लावलं की आवाज तडतडतो, फाटतो, लोक म्हणतात चिप डुप्लिकेट निघाली.

आणि मुळात बॅलन्स्ड इनपुट वेगळं, ब्रिज आउटपुट वेगळं. बॅलन्स्डमध्ये सिग्नल दोन वायरींवर उलटसुलट येतो आणि दोघांतला फरक घेतला की वायरीत घुसलेली गुणगुण कटते, ब्रिज फक्त स्पीकरकडची पॉवर वाढवायला. तुम्हाला हवंय ते पहिलं. त्यासाठी एका चॅनलला एकच चिप ठेवा, ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा घ्या, डीसी २४ च्या आसपास येतील आणि ४ ओहमवर जवळपास ५० वॉट मिळतील, घरातल्या हॉलला ते भरपूर झाले. तेव्हासुद्धा एक चिप जास्तीत जास्त २९ वॉट उष्णता टाकते, त्यामुळे हीटसिंकमध्ये कंजुषी अजिबात नको. जुना २५-०-२५ फेकू नका, पुढे ८ ओहमचे स्पीकर आले की एका चिपला तो चालतो.

खरी मेहनत इनपुटवर घ्या. एनई५५३२ ही ऑप-ॲम्प चिप आणि १० के चे चार रेझिस्टर, एवढंच सर्किट, पण वायरीतली हम, म्हणजे गुणगुण, किती कटणार ते त्या चौघांच्या जुळण्यावर ठरतं. एक टक्क्याचे कसेही उचलून लावले तर वाईटात वाईट ३४ डीबीच (डेसिबल) कटते, ०.१ टक्का जुळवले तर ५४. महागडे घ्यायची गरज नाही, तापकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून एक टक्क्याचे मेटल फिल्म पन्नासेक आणा, एका बैठकीत मल्टिमीटरने मोजा आणि सारखे निघतील ते चार-चार वेगळे काढा, मीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी चालेल, कारण आपल्याला आकडा नकोय, सारखेपणा हवाय. मला या अख्ख्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात समाधानाचं काम हेच वाटतं. आणि एक्सएलआरची, म्हणजे बॅलन्स्ड वायरीच्या तीन पिनांच्या सॉकेटची, १ नंबर पिन (शील्डची) सॉकेटजवळच कॅबिनेटला जोडा, पीसीबीच्या सिग्नल ग्राउंडला नेऊ नका, घरगुती ॲम्पमधली निम्मी गुणगुण तिथूनच घुसते असा माझा अनुभव आहे.

प्रश्न: एलएम३८८६ चं सर्किट जोडलं, व्होल्टेज सगळे बरोबर येतात, पण आवाज शून्य. चिप गेली का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: बहुतेक नाही गेली. ८ नंबरची पिन बघा, ती म्यूट आहे आणि मोकळी सोडली की चिप गप्पच बसते. तिच्यातून अर्ध्या मिलीअँपिअरपेक्षा जास्त करंट मायनस सप्लायकडे जायला हवा, २४ व्होल्टला ३३ के चा रेझिस्टर लावला की काम झालं. उघड्या धातूची टी पॅकेजवाली चिप असेल तर चिप आणि हीटसिंक वेगळं ठेवणारे अभ्रक आणि स्क्रूचा बुश लावलेत का तेही तपासा, तिची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, हीटसिंक कॅबिनेटला टेकलं की थेट शॉर्ट. पुन्हा चालू करताना मेन्सच्या वायरीत ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावा, आणि स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटवर डीसी मोजा, काही मिलीव्होल्ट असले तरच जोडा.