पिल्लू नर की मादी, हे पक्ष्यांत कोण ठरवतं?

प्रश्न: माणसात एक्स-वाय क्रोमोसोम (पेशीतले जीन्स वाहणारे धागे) असतात आणि मुलगा की मुलगी ते वडिलांकडून ठरतं, पक्ष्यांत म्हणे झेड-डब्ल्यू असतात आणि सगळं उलटं असतं. मग त्यांचं डब्ल्यू म्हणजे आपलं वायच का? आणि ते इतकं छोटं का?

उत्तर: उलटं असतं हे खरंय. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू, म्हणजे निकाल आईच्या अंडपेशीतच लागलेला असतो, बाप काय, दरवेळी झेडच देणार. पण डब्ल्यू म्हणजे आपलं वाय नाही हां. कोंबडीच्या झेडवरची जीन्स आपल्यात शोधली तर बरीचशी 9 नंबरच्या क्रोमोसोमवर सापडतात, आणि आपल्या एक्सवरची जीन्स कोंबडीत 1 आणि 4 नंबरवर बसलीयत! दोघांनी आपापल्या वेगळ्याच साध्या जोडीला या कामाला लावलं.

आता छोटं का. अंडपेशी किंवा शुक्राणू बनताना जोडीतली दोन क्रोमोसोम शेजारी येऊन तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्यात बिघडलेलं जीन हळूहळू बाजूला पडायला वाव मिळतो. झेड आणि डब्ल्यूमधली ही देवाणघेवाण टप्प्याटप्प्याने बंद पडली. झेडचं फारसं बिघडलं नाही कारण नरात त्याला जोडीदार मिळतोच, डब्ल्यू मात्र कायम मादीत आणि कायम एकटं, त्यामुळे बिघाड साचत गेले, जीन्स गळत गेली, आणि मुळातल्या शेकडो जीन्सपैकी कोंबडीच्या डब्ल्यूवर आज जेमतेम 28 उरलीयत. तीही उगाच नाही, त्यातल्या बऱ्याच जीन्सचा डोस अर्धा झाला, म्हणजे दोनऐवजी एकच प्रत उरली, तर शरीराला चालतच नाही.

सगळ्याच पक्ष्यांत असं झालंय असंही नाही बरं का. एमूचं डब्ल्यू बघाल तर झेडपासून ओळखणं कठीण, दोघांच्या बऱ्याच मोठ्या भागात अजून अदलाबदल चालूय. मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

मग नर ठरवतं कोण? झेडवरचं डीएमआरटी1 नावाचं जीन. दोन प्रती असल्या की वृषण, एकच असली की अंडाशय. 2021 मध्ये शास्त्रज्ञांनी जीन एडिटिंगने झेड-झेड कोंबड्यांत याची एक प्रत बंद केली तर वृषणाच्या जागी अंडाशय तयार झालं, पण वजनाने वगैरे ते कोंबडेच राहिले! म्हणजे पक्ष्यांत हार्मोन्सच सगळं करतात असं नाही, पेशीला स्वतःलाच माहीत असतं आपण कोण ते. क्वचित एखादी अर्धी-अर्धी कोंबडी जन्मते, एका बाजूला जास्त झेड-झेड पेशी, दुसऱ्या बाजूला झेड-डब्ल्यू. रक्त एकच, हार्मोन्स तेच, तरी नर बाजूला छाती भरदार, चोचीखालची लाल कातडी मोठी, पायाला मोठा काटा, आणि दुसरी बाजू साधी कोंबडीची.