जाहीरनामा लेकीचा, अक्षर वडिलांचं

प्रश्न : मुलगी दिल्ली विद्यापीठाच्या एका कॉलेजात बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज युनियनच्या निवडणुकीत सचिवपदासाठी उभी राहते आहे. उमेदवाराचं निवेदन मी लिहिलं आहे, ते जरा दमदार करून द्या. यूपीएससीला याचा किती फायदा होईल? पत्रकं लातूरलाच छापून पाठवतो. ती म्हणते, ‘मी फक्त रीडिंग रूमवर बोलणार.’ तिला अजून तेवढी समज नाही. – एक पालक, लातूर

उत्तर : निवेदन दोनदा वाचलं. दोन पानांत बारावीचे टक्के आहेत, एनसीसीचं प्रमाणपत्र आहे, ‘माता-पित्यांच्या संस्कारांची शिदोरी’ आहे आणि मेट्रोच्या पासात सवलत मिळवून देण्याचं आश्वासनही आहे. मेट्रोचं भाडं कॉलेजचा सचिव ठरवत नाही, हे दिल्लीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे हसं तिचं होईल, तुमचं नाही.

मला खटकलं ते वेगळंच. अख्ख्या पत्रात मुलीचं म्हणून एकच वाक्य आहे, आणि तेही तिची समज कमी आहे हे दाखवायला तुम्ही दिलंय. अहो, त्या पत्रातलं कामाचं वाक्य तेवढंच आहे! रीडिंग रूम किती वाजता बंद होते, पीजीत राहणाऱ्या मुलींनी परीक्षेच्या दिवसांत बसायचं कुठे, वेळ वाढवायची तर आधी कुणाला भेटायचं – हे तिला दिसतंय. युनियनला हात घालता येईल असा प्रश्न तिने हेरलाय आणि तुम्ही तोच गाळलात.

आता यूपीएससी. विद्यार्थी निवडणुकीचे वेगळे गुण तिथे कुठेच नाहीत. लेखीचे 1750, मुलाखतीचे 275, संपलं. अर्जात अशा पदांची नोंद करता येते, हे खरं. पण ती केली की मुलाखत घेणारं मंडळ विचारणार : वर्षभरात केलंत काय? निवेदन वडिलांनी लिहिलेलं, मुद्दे वडिलांचे, तर ती सांगणार काय? रीडिंग रूम दोन तास जास्त उघडी ठेवून घेतली असेल तर सांगायला काहीतरी असेल, प्राचार्यांनी नाही म्हटलं असेल तरीही. परदेशी प्रवेशाच्या अर्जालाही हेच लागू. तिकडची चिंता असेल तर आधी सेमिस्टरचे गुण बघा.

विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली लागू केल्या, त्या तुमच्या वाचनात आलेल्या दिसत नाहीत. उमेदवाराची खर्चमर्यादा 5000 रुपये. छापील पोस्टर आणि पत्रकांना बंदी, चालतात ती हाताने केलेली पोस्टर्स, तीही नेमून दिलेल्या जागीच. नियम सर्रास मोडले जातात, मान्य. पण 2024 मध्ये विद्यापीठ युनियनची मतमोजणी दिल्ली उच्च न्यायालयाने भिंतींवरची प्रचाराची रंगरंगोटी साफ होईपर्यंत रोखून धरली होती. तेव्हा लातूरच्या छापखान्याला आजच नाही म्हणून कळवा. आणि हो, कॉलेजच्या पटावर नाव नसलेल्याने निवडणुकीत कोणत्याही नात्याने भाग घेऊ नये, असंही त्याच शिफारशींत आहे. म्हणजे साहेब, तुम्हीही बाहेरचेच!

याच शिफारशींनुसार पदाधिकारी म्हणून उभं राहायची संधी एकदाच मिळते. ती तुमच्या हौसेपायी खर्ची पडू नये. म्हणून आज रात्री फोन कराल तेव्हा निवेदनाचा विषय काढू नका. तिला मनापासून उभं राहायचंय का, एवढंच विचारा आणि ती बोलेल ते मधे न तोडता ऐका. नको म्हणाली, तर माघारीची मुदत कधी संपते ते तिला कॉलेजात विचारू द्या आणि विषय संपवा. हो म्हणाली, तर वर्गावर्गात जाऊन मिनिटभरात सांगता येईल एवढंच तिने लिहावं, तिच्या भाषेत. दाखवावंसं वाटलं तर तिनेच मला पाठवावं. तुमचा मसुदा मी दुरुस्त करणार नाही.