लॉनमधला लव्हाळा खुरपून का जात नाही?

प्रश्न : नागपूरला आमच्या घरासमोर हरळीचे लॉन आहे. त्यात लव्हाळा आणि आंबुशी माजली आहे. यंदा मृगाआधी पेंडिमेथालिन हे तणनाशक फवारले, नंतर उगवलेले खुरपून काढले, तरी पंधरा दिवसांत लव्हाळा पूर्वीपेक्षा दाट झाला. औषध बनावट असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : औषधावर संशय घेण्यापूर्वी एक रोप हलक्या हाताने खोलवर उकरून पाहावे. बोटांत फिरवताना तिधारी लागणाऱ्या दांड्याखाली, दोरीत ओवल्यासारख्या काळसर गाठी दिसतील. एखादी फोडली, तर आतून पांढरी निघते आणि उटण्यातल्या नागरमोथ्याचा गंध येतो. लव्हाळ्याचे बी क्वचितच रुजते, तो पसरतो या गाठींवरून. पेंडिमेथालिन रुजणाऱ्या बियांचे कोवळे मूळ आणि कोंब खुंटवते; साठवलेल्या अन्नाच्या बळावर फुटणाऱ्या गाठीला ते आवरू शकत नाही. खुरप्याने तर ही माळ तुटते आणि टोकाच्या गाठीने आजवर दाबून ठेवलेल्या बाकीच्या गाठी स्वतंत्रपणे फुटू लागतात. आपला लव्हाळा दाट झाला, तो बहुधा यामुळेच.

त्यासाठी पानांतून गाठीपर्यंत उतरणारे औषध हवे. ऊस आणि मक्यातील लव्हाळ्यासाठी मिळणारे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तसे आहे आणि हरळीला ते सोसते. उसातील त्याची मात्रा एकरी अवघी ३६ ग्रॅम आहे. त्या हिशेबाने हजार चौरस फुटांना एक ग्रॅमही लागत नाही, म्हणून ते काट्यावरच तोलावे. लव्हाळा चार-पाच पानांवर असताना फवारावे आणि आधी-नंतर दोन-दोन दिवस लॉन कापू नये. पाने पिवळी पडायला दोन-तीन आठवडे लागतात. उरलेल्या कोंबांवर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा फवारावे लागते. ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र हरळीही जाळते.

आंबुशीचे बी उजेडात, मातीच्या वरच्या थरात रुजते, त्यामुळे तिच्यावर आपले पेंडिमेथालिन वाया गेलेले नाही. जुनी रोपे माती ओली असताना, शेंगा तडकून बी उडण्याआधी, पेरापेराला धरलेल्या मुळांसकट उपटावीत. कुणी टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांवरचे तणनाशक सुचवले, तरी कुंपणापलीकडे कपाशी किंवा संत्र्याचे झाड असेल तर ते वापरू नये. वाऱ्यावर गेलेल्या तुषारांनीही त्यांची पाने वळतात.

लॉनचा एखादा तुकडा नव्याने लावायचाच असेल, तर तो एप्रिल-मेमध्ये खोल खणून, पाणी बंद ठेवून, गाठी नागपूरच्या उन्हात उघड्या पडू द्याव्यात. सुकलेली गाठ पुन्हा फुटत नाही. ओल्या मातीत राहिलेली फुटते.