मूळ रंगातली मस्टँग विकताना

फोर्डची 1965 ची मस्टँग कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी छत उघडणारी गाडी, मूळ रंगात आहे ना? मग आधी हात आवरा. नवा रंग, नवी सीट कव्हरं नकोत. त्या जुनेपणाचेच पैसे मिळतात.

ड्रायव्हरच्या दारावरची पाटी वाचा. गाडीच्या नंबरात 08 म्हणजे कन्व्हर्टिबल, पुढचं अक्षर इंजिनाचं: सी असेल तर 289 घनइंचाचं, दोन-बॅरल (दोन नळ्यांच्या) कार्बोरेटरचं. तोच नंबर डाव्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. दोन्ही टायटलशी, म्हणजे मालकीच्या कागदाशी, जुळवा.

गंज लपवू नका. काउल (पुढच्या काचेखालचा पत्रा), फ्लोअर पॅन (तळाचा पत्रा), टॉर्क बॉक्स (तळाला मजबुती देणारे पेटीसारखे भाग), सगळ्यांचे फोटो द्या. पत्र्याचं छत नसल्यानं या गाडीची ताकद तळातच असते. जाणकार गिऱ्हाईक आधी तिथंच वाकून बघतं.

बरीच वर्षं उभी असेल, तर जुन्या पेट्रोलवर स्टार्टर मारू नका, कार्बोरेटर तुंबतो. काढून ठेवलेले भाग, अगदी गंजलेलेसुद्धा, सोबत द्या.